अंतर कुठून मोजायचं

त्या मुलीचं बरोबर होतं आणि माझं चूक होतं. हे वाक्य मी सगळ्यात शेवटी लिहिणार होतो. आधी थोडी पार्श्वभूमी, मग आमच्या प्रयोगशाळेची दैना, मग खाडीकाठची दमट हवा, आणि वाचणाऱ्याच्या मनात माझ्याबद्दल पुरेशी कणव साठली की हळूच हे वाक्य, असा बेत होता. बायकोने कच्चा खर्डा वाचला आणि म्हणाली, "अहो, चार पानं झाली, अजून तुमची चूक आलीच नाही. शेवटपर्यंत कोण वाचतंय? आधी लिहून टाका." म्हणून आधी लिहून टाकलं.

आता पार्श्वभूमी. तेवढी सूट तिने दिली आहे.

पनवेलजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. त्यात माझा सगळ्यात आवडता धडा दोन विद्युतभारांमधल्या बलाचा. एकसारखे भार एकमेकांना ढकलतात, आणि अंतर वाढलं की हे ढकलणं कमी होतं. पण सरळ हिशोबाने नाही. अंतर दुप्पट केलं की बल निम्मं होत नाही, चौथा हिस्सा होतं. तिप्पट केलं की नववा हिस्सा. मुलांना मी सोसायटीचं उदाहरण द्यायचो. समोरच्या दाराशी तुमचं जितकं वाजतं, त्याच्या निम्मं पलीकडच्या विंगशी वाजायला हवं. पण तसं होत नाही, एकदम गणपतीच्या मीटिंगपुरतंच उरतं. मुलं हसायची, मला वाटायचं समजलं.

फळ्यावर मी दोन ठिपके काढायचो आणि मध्ये एक रेघ. ठिपक्यांना काठ नसतो. त्यामुळे रेघ ठिपक्याच्या कुठून सुरू होते हा प्रश्न मला तीस वर्षांत पडला नाही, आणि माझ्या वर्गात तो विचारायची कुणाची हिंमतही नव्हती. एका मुलीने विचारला, त्याचीच ही हकिकत आहे.

विज्ञान प्रदर्शनासाठी कॉलेजातून एकच प्रयोग जायचा. त्या वर्षी मी हा नियम प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं. साहित्य फार लागत नाही. थर्माकोलचे दोन गोळे, मोठ्या बोराएवढे, दोन सेंटिमीटर व्यासाचे. त्यांवर चॉकलेटचा चंदेरी कागद. एक गोळा दोऱ्याने टांगायचा, दुसरा बॉलपेनच्या नळीवर खोचायचा. पीव्हीसी पाइप लोकरीवर घासून दोन्ही गोळ्यांना टेकवायचा, म्हणजे दोघांवर सारखा भार येतो. मग नळीवरचा गोळा जवळ नेला की टांगलेला लाजल्यासारखा मागे सरतो. किती सरला ते मिलिमीटरमध्ये मोजायचं. जास्त सरला म्हणजे जास्त बल. लोकर म्हणून माझी माकडटोपी वापरली. देशावरून येताना आईने ती ट्रंकेत घातली होती. नवी मुंबईत तिचा झालेला हा एकमेव उपयोग.

मी एकटाच प्रयोगशाळेत बसून आठवडाभर मोजलं. अंतर दुप्पट केलं की गोळ्याचं सरकणं चौथा हिस्सा व्हायला हवं. होत नव्हतं. निम्म्याच्या जरासं खाली यायचं आणि तिथेच हटून बसायचं. मी सगळा दोष दमट हवेला दिला. ओल्या हवेत गोळ्यांवरचा भार गळून जातो हे खरंच आहे, त्यामुळे दोष द्यायला हवा सोयीची होती. शेवटी घरी जेवणाच्या टेबलावर बसून मी तक्ता तयार केला: आधी निष्कर्ष लिहिला आणि मग त्याला शोभतील अशी रीडिंग. खरं वाटावं म्हणून अधूनमधून एखादा दशांश इकडचा तिकडे केला. यात माझा हात चांगला बसलेला होता. लोणचं घालणाऱ्या बाईला मीठ मोजावं लागत नाही, तसं.

प्रयोग मांडायला मी जी मुलगी निवडली ती मोरा बंदरावरची होती. उरणच्या पुढे, धक्क्याला लागून घर. आई मासळी विकायची, घरासमोर बोंबील सुकवायची. मुलगी दोन बस बदलून कॉलेजात यायची आणि तरी पहिल्या तासाला हजर. पहिल्याच दिवशी तिने माझा सुती दोरा काढून टाकला आणि घरून जाळ्याचा नायलॉनचा बारीक दोरा आणला.

"सर, हा पानी पीत नाय."

दुसऱ्या दिवशी पाइप घासायला घेतला तर म्हणाली, "आज नाय व्हनार सर. हवा वली हाय. आई बोलली, आज बोंबील पन सुकनार नाय."

"प्रयोग बोंबलांना विचारून करायचा का आता?" मी म्हणालो. बाकीची मुलं हसली. तीही थोडं हसली. पण ती थांबली, आणि ज्या दुपारी कोरडा मतलई वारा सुटला, त्या दुपारी तिने एकटीने रीडिंग घेतली आणि तक्ता पेन्सिलीने जर्नलमध्ये उतरवून माझ्यासमोर ठेवला. चार सेंटिमीटरला गोळा अठरा मिलिमीटर सरकला होता. आठ सेंटिमीटरला साडेचार. अठराचा चौथा हिस्सा साडेचार.

मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला. वर्षानुवर्षं रीडिंग जुळवणाऱ्या माणसाला खरं रीडिंग बघितलं की आधी संशयच येतो.

"हे चार सेंटिमीटर कुठून आलं? दोन्ही गोळ्यांमधली फट तर दोन सेंटिमीटर आहे."

"मी गोळ्याच्या मध्यापासून मोजलं सर. ह्याच्या मध्यापासून त्याच्या मध्यापर्यंत."

"का?"

"भार तर गोळ्यावर सगळीकडे हाय. मग या काठापासूनच का मोजायचं? तो काय पलीकडच्या काठावर नाय?"

बघा, किती साधा प्रश्न. त्याला एक साधं उत्तर होतं: 'बरोबर आहे, मला सुचलं नव्हतं.' इतके छोटे पाच शब्द तोंडातून निघाले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. पण वर्ग भरलेला होता, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती, आणि मी म्हणालो, "अंतर म्हणजे दोन वस्तूंमधली मोकळी जागा. हा काही मासळीचा वाटा नाही, मधोमध मापायला."

वर्ग हसत सुटला. तासभर कुणी कुणी 'वाटा, वाटा' करत होतं. ती या वेळी हसली नाही. मी खोडरबर पुढे केला. तिने आपला तक्ता खोडला आणि त्याच जागी शाईने माझा लिहिला: दोन सेंटिमीटरला अठरा, चार सेंटिमीटरला साडेचार.

प्रदर्शनात परीक्षक आले. तक्ता बघून त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "करून दाखव." तिने दोन सेंटिमीटर फट ठेवली, गोळा अठरा सरकला. चार सेंटिमीटर फट ठेवली. गोळा आठ मिलिमीटर सरकून थांबला. आठ. परीक्षकांनी तक्त्यातल्या साडेचारकडे बघितलं, मग पट्टीकडे, मग तिच्याकडे. तिने माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "मोजण्यात विद्यार्थिनीची चूक झालेली दिसते."

परीक्षक पुढच्या टेबलाकडे, पवनचक्कीकडे गेले. बक्षीस पवनचक्कीला मिळालं. तिने साहित्य आवरलं, माझी माकडटोपी झटकून घडी करून माझ्या हातात दिली आणि बस पकडायला गेली. जर्नल परत न्यायला ती कधी आली नाही.

मला माझी चूक कशी कळली, ते सांगायला संकोच वाटतो, कारण त्यात अभ्यासाचा भाग काहीच नाही. निवृत्तीच्या तोंडावर आम्ही खांदेश्वरला फ्लॅट बघायला गेलो. एजंट म्हणाला, "काका, स्टेशन पाच मिनिटांवर." फ्लॅट घेतल्यावर मी घड्याळ लावून चाललो. सतरा मिनिटं लागली. मी त्याला गाठलं.

"तुम्ही पाच म्हणाला होतात."

"पाचच आहे ना काका. स्टेशनच्या पार्किंगच्या कडेपासून आपल्या सेक्टरच्या कडेपर्यंत पाच मिनिटं. आत तुम्ही कुठं राहता, त्याला मी काय करू?"

"अहो, पण मला माझ्या खुर्चीपासून गाडीपर्यंत जायचं असतं! कडेपासून कडेपर्यंत मोजून काय उपयोग?"

हे मी भर रस्त्यात, मोठ्याने म्हणालो. आणि तसाच तोंड उघडं ठेवून उभा राहिलो. एजंटला वाटलं काकांना काहीतरी झालं. त्याने पाणी आणलं.

घरी येऊन ते जर्नल काढलं. ते टाकून द्यायची कधी हिंमत झाली नव्हती. पान उजेडासमोर धरलं तर शाईखाली पेन्सिलीचे खोडलेले आकडे दिसत होते. चार, अठरा. आठ, साडेचार. मग मी कागदावर दोन वर्तुळं काढली, आयुष्यात पहिल्यांदा ठिपके न काढता. गोळा दोन सेंटिमीटरचा. काठांमध्ये दोन सेंटिमीटर असेल तर मध्यांमध्ये चार. काठांमधलं अंतर दोनाचं चार, म्हणजे दुप्पट केलं, तरी मध्यांमधलं चाराचं सहाच होतं, दीडपट. मग बल चौथा हिस्सा कशाला होईल? निम्म्याच्या जरा खाली येऊन थांबणार. अठराचं आठ. तो गोळा माझ्यासमोर आठवडाभर खरं बोलत होता, आणि परीक्षकांसमोरही.

त्यानंतर तिला सांगायचं होतं. पण आधी तिचा नंबर नव्हता. मग नंबर मिळाला, तर वाटलं ती विसरली असेल, उगाच कशाला आठवण करून द्या. मग वाटलं विसरली नसेल, तर फोन कुठल्या तोंडाने करा. या दोन विचारांवर मी इतकी वर्षं काढली की शेवटी बायको त्या जर्नलला 'तुमचा गोळा' म्हणायला लागली. कपाट आवरायला काढलं की विचारायची, "तुमचा गोळा ठेवायचाय का अजून?"

या वर्षी तिचाच फोन आला. उरणकडच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवते. शाळेत प्रदर्शन होतं. "सर, तुम्ही पाहुणे म्हणून याल का?" आवाजात जुनी बोली थोडी पुसली गेली होती, पण 'सर' तसंच होतं. मी हो म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर बायकोला विचारलं, "तब्येतीचं कारण सांगून कळवू का, जमत नाही म्हणून?"

"तब्येत उत्तम आहे," ती म्हणाली. "जर्नल घेऊन जा. आणि येताना परत आणू नका."

मी चार पानांचं भाषण लिहून खिशात ठेवलं. आता उरणला गाडी जाते. गाडीत मी खिडकीशी बसलो आणि माझ्या आवडत्या नियमाचा अनुभव घेतला. उरण निम्म्यावर आलं तेव्हा छातीतली धडधड चौपट झाली होती. शेवटचं स्टेशन आलं तेव्हा ती मोजायच्या पलीकडे गेली होती.

ती स्कूटर घेऊन न्यायला आली होती. केसांत थोडं पांढरं, डोक्यावर हेल्मेट, आणि मला बघून आनंद, जो मला अजिबात सोसवला नाही. मी मागे बसलो, पिशवी पोटाशी धरली आणि ठरवलं की आत्ताच सांगून टाकायचं. पाठमोऱ्या माणसाला सांगणं सोपं असतं.

"अगं, ते तुझं रीडिंग होतं ना, ते..."

"काय म्हणालात सर?" ती हेल्मेटमधून ओरडली. शेजारून कंटेनरचा ट्रेलर घरघरत चालला होता.

"रीडिंग! चूक माझी..."

"काय? ऐकू नाय येत!"

"काही नाही! स्पीडब्रेकर आहे पुढे!"

शाळेत पोचल्यावर तिला कुणीतरी हाक मारली आणि ती म्हणाली, "सर, तोवर तुम्ही बघून घ्या." पहिल्याच टेबलावर दोन मुली उभ्या होत्या. टेबलावर थर्माकोलचे दोन चंदेरी गोळे. मागे तक्ता: 'अंतर कुठून मोजायचं?' खाली दोन रकाने, 'काठापासून' आणि 'मध्यापासून'.

"आजोबा, तुम्ही सांगा, कुठून मोजायचं?" उंच मुलगी म्हणाली.

"मध्यापासून," मी म्हणालो.

"बरोबर! खूप लोक चुकतात. आमच्या मॅडमच्या कॉलेजात एक सर होते, ते पन काठापासूनच मोजायचे."

"मग?"

"मग काय, प्रयोग यायचाच नाय."

"आनि बोलायचे, मॅडमच चुकल्या," दुसरीने भर घातली.

"गप ना! मॅडम बोलल्यात ना, सरांना नावं नाय ठेवायची. सर चांगले होते. फक्त मोजायचे चुकीचं."

माझ्या खिशातल्या चार पानांत इतकं नेमकं एकही वाक्य नव्हतं.

"ते सर मीच," मी म्हणालो.

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. मग उंच मुलीने वही पुढे केली. "खरंच? मग सही द्या ना!"

मी सही करत असतानाच ती आली. मुलींची तोंडं बघूनच तिला काय झालं ते कळलं आणि तिचा चेहरा उतरला. "सर, या पोरी काय बोलल्या..."

"बरोबर बोलल्या." मी पिशवीतून जर्नल काढलं. भाषण तसंच राहिलं, कारण ते सुरू व्हायला दोन पानं लागत होती. "चूक माझी होती. मापाचीही, आणि परीक्षकांसमोर मी ती तुझ्यावर ढकलली तीही. आणि वर्गात मासळीचं बोललो, ते तर..."

तिने जर्नल उघडलं, ते पान काढलं, उजेडात धरलं.

"माप मला तेव्हाच कळलं होतं सर," ती म्हणाली. "परीक्षकांचं मी विसरले नव्हते. खोटं कशाला बोलू? वर्गातलं ते घरी जाऊन आईला सांगितलं होतं."

"आई काय म्हणाली?"

"विचारा की. तिथं बसलीये."

पहिल्या रांगेत एक म्हातारी खुर्चीवर मांडी घालून बसली होती. मी समोर जाऊन नमस्कार केला आणि कोण ते सांगितलं. तिने मला खालून वर न्याहाळलं.

"तुमीच काय ते सर? पोरीला बोल्लेलात, मासलीचा वाटा मदोमद मापतात म्हनून?"

"हो. चुकलो मी."

"चुकलात कुठं? तेवडं एकच बरोबर बोल्लात! वाटा मदोमदच मापतात, म्हनून त दोघींना सारका येतो. काठावरून मापला त गिऱ्हाईक परत येल काय?" आणि शेजारणीकडे वळून, "यवडा शिकलेला मानूस, तोंडानं बोल्ला नि सोत्ता नाय ऐकला."

रांगेतल्या सगळ्या बायका हसल्या. मी वर्गाला हसवलं होतं त्याहून मोठ्याने, आणि जास्त वेळ. म्हातारीची लेकही हसत होती. मी तसाच उभा राहिलो. एवढं देणं माझ्याकडे राहिलेलंच होतं.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "सर, भाषण राहू दे. एकदा तुम्ही स्वतः रीडिंग घ्या. सगळ्यांसमोर. मध्यापासून."

टेबलाभोवती गर्दी जमली. मी पाइप घासला, गोळ्यांना टेकवला. मध्यांमध्ये चार सेंटिमीटर. उंच मुलीने पट्टी वाचली, "अठरा!" नळी सरकवायला मला जरा वेळ लागला. आठ सेंटिमीटर. सगळे वाकले.

"तीन," ती मुलगी पडलेल्या आवाजात म्हणाली. "सर, साडेचार यायला पायजे ना?"

"यायला पाहिजे."

मी जर्नल परत मागून घेतलं आणि त्यात माझ्या जुन्या आकड्यांखालच्या कोऱ्या ओळीत लिहायला पेन टेकवलं. हाताला तीस वर्षांची सवय. चारचा आकडा काढायला तो आपसूक वळला होता. माझी जुनी विद्यार्थिनी खांद्यावरून बघत होती. परीक्षकांसमोर बघितलं होतं, तसंच.

मी लिहिलं: आठ सेंटिमीटर, तीन मिलिमीटर. आणि वरच्या दोन्ही ओळींसमोर: 'ही रीडिंग शिक्षकाने बनवलेली आहेत. विद्यार्थिनीची शाईखाली पेन्सिलीने आहेत व ती बरोबर आहेत.' खाली सही केली.

"पन सर, तीन का आलं?" दुसऱ्या मुलीने विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत पहिल्या रांगेतून आवाज आला, "हवा वली हाय. आज बोंबील पन सुकनार नाय."

शेऱ्याच्या रकान्यात मी तेही लिहिलं, आणि जर्नल जिचं होतं तिच्या हातात दिलं.